आईच्या कानातलं यंत्र

२ फेब्रुवारी

ही डायरी हिने आणून दिली. म्हणाली, "रोज माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा, तेवढीच मला शांतता." बायकोचा हुकूम मोडायची माझी छाती नाही, म्हणून लिहितोय.

आज कारखान्याचं शटर उघडलं. कारखाना म्हणजे तीन खोल्या, वर पोटमाळा, आत चार लांब टेबलं आणि भिंग लावलेले दिवे. पण बाबांनी फोनवर कुणाला तरी 'आमच्या चिरंजिवांचा कारखाना' असं सांगितलं, तेव्हा आता कारखानाच म्हणायचं. कानाला लावायची यंत्रं बनवणार आहोत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी, कानामागे बसणारी, स्वस्तातली.

हा माझा तिसरा धंदा. पहिला फरशांचा, तो बुडाला. दुसरा बाटलीबंद पाण्याचा. तो बुडाला नाही, उभाच राहिला नाही. लोक म्हणतात, मंत्र्याचा मुलगा, याला काय कमी आहे! काय कमी आहे ते माझं मला माहीत. वय अडतीस झालं, पण हे मी केलं असं बोट दाखवून सांगावं असं एकही काम नाही. कुठेही गेलो की 'साहेबांचा मुलगा' म्हणून खुर्ची पुढे येते, आणि मी आपला निमूट बसतो.

या वेळचं वेगळं आहे. हे आईसाठी आहे. तिचे कान गेली सहा वर्षं उतरत चाललेत. बाहेरदेशातलं एक यंत्र ती वापरते, त्याच्या किमतीत लग्न लागेल. मी एकदा ते उघडून बघितलं. आत हाताच्या नखाएवढं काहीतरी. म्हटलं, एवढंच? मग आपण का नाही? आई हसली आणि म्हणाली, "कर. पहिलं मी घालीन." तेव्हापासून झोप उडाली आहे माझी.

११ फेब्रुवारी

भागीदारीण आज कडाडली. ती माझ्याच कॉलेजातली, कान तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेली. पहिल्यापासून सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणायचो. अजून काढते. आईचं बाहेरदेशी यंत्रही तिनेच लावून दिलेलं आहे.

तिचं म्हणणं असं, की यंत्र बनवणं हे निम्मं काम. माणसाला बंद खोलीत बसवायचं, बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत एकेक ऐकवून त्याचा कान मोजायचा, कानाचा साचा घ्यायचा आणि मग यंत्र त्या कानाप्रमाणे लावायचं. शेवटी त्याच्या मागे उभं राहून, तोंडासमोर पुठ्ठा धरून, एकेक शब्द बोलायचा. त्याने तो परत म्हणून दाखवला तर यंत्र लागलं. एका माणसाला तास-दीड तास.

मी म्हटलं, "अगं, साच्याऐवजी रबरी बोंडं बसवू. लहान, मध्यम, मोठं. चपलांचे नंबर असतात तसे."

"कान म्हणजे पाय नव्हे," ती म्हणाली. "बोंड सैल बसलं की यंत्र शिट्टी मारतं. शिट्टी मारायला लागलं की माणूस ते काढून ठेवतो."

"पुठ्ठा कशाला पण? समोरून विचारलं तर काय बिघडलं?"

"समोरून विचारलंस की माणूस ओठ वाचतो. नाहीतर तोंडाकडे बघून हो म्हणतो. कोणाला बहिरं दिसायचं नसतं बाबा."

बोलते पटण्यासारखं. पण असं एकेक माणूस करत बसलो तर मी म्हातारा होईन आणि मलाच यंत्र लागेल.

२० मार्च

उद्घाटन! काय दिवस होता. हॉल खचाखच. बाबा वेळेवर आले, हेच मोठं. नाहीतर माझ्या लग्नातही ते जेवणाच्या वेळी पोचले होते.

भाषण झालं आणि बाबांनी आईला व्यासपीठावर बोलावलं. मी माझ्या हाताने तिच्या कानातलं जुनं यंत्र काढलं आणि आपलं बसवलं, पहिल्या खेपेचं पहिलं. बाबांनी माइक हातात घेतला आणि तिच्याकडे वळून विचारलं, "ऐकू येतं का?" हॉलभर आवाज घुमला. आईने मान डोलावली. टाळ्या थांबेनात.

मग बाबांनी एक भारी काम केलं. त्यांना हे असं ऐन वेळी सुचतं, म्हणून तर ते बाबा आहेत. आईचं जुनं यंत्र त्यांनी हातात उंच धरलं आणि म्हणाले, "आमच्या घरात आता याची गरज उरली नाही." पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती, तिला वर बोलावून तिच्या ओंजळीत ते ठेवलं. म्हातारी रडायलाच लागली. फोटोवाल्यांची झुंबड उडाली.

मास्तरीण मागे कोपऱ्यात उभी होती. म्हणाली, "ते आईंच्या कानाला लावलेलं होतं. त्या म्हातारीला त्याचा काडीचा उपयोग नाही." हिला आनंद म्हणून बघवत नाही!

२१ मार्च

सकाळी चहाला आईसमोर बसलो. "ऐकू येतं का?"

मान डोलावली. गालावर हात फिरवला माझ्या. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. आता मेलो तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण ही वाचत असली तर उगाच बोलणी खाईन.

२४ मार्च

आईचं डोकं दुखतंय. उन्हाचं असेल.

९ एप्रिल

बाबांच्या सेक्रेटरीने अख्खा तक्ता आणून टेबलावर पसरला. हे गृहस्थ बोलतात इतके हळू, की सगळ्यांनाच वाटावं आपले कान गेले. बाबांच्या मतदारसंघात शिबिरं घ्यायची. दिवसाला तीनशे म्हातारी माणसं. बाबा नाहीतर बाबांचा कोणी माणूस एकेकाच्या कानात यंत्र बसवणार, माइकवर विचारणार, फोटो, चहा, पुढचा. पैसे बाबांच्या ट्रस्टकडून.

मास्तरणीने तक्ता बघितला आणि हसली. "तीनशे? माझ्याच्याने दिवसाला पाच होतील. चहा नाही प्यायले तर सहा."

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मोजायचं कशाला? सगळ्यांना मधलं लावून द्या ना. आवाज फार मोठा नको, फार बारीक नको."

मधलं! मला एकदम पटलं. सगळ्यांना मधलं. तिने पेन टेबलावर आपटलं आणि उठून गेली.

१६ एप्रिल

संध्याकाळी आईपाशी जाऊन बसलो. हल्ली रोज बसतो. ती गॅलरीत वेताच्या खुर्चीत असते, मी शेजारी स्टुलावर. मनातलं सगळं सांगितलं. शिबिरं घ्यायची की नाही, मास्तरीण म्हणते तसं सावकाश जायचं की बाबा म्हणतात तसं. मास्तरीण म्हणते, शिबिर घेतलंस तर मी या धंद्यात नाही. वीस वर्षांची मैत्री आहे गं, म्हटलं. पण असा मोका परत यायचा नाही. "आई, तिला जाऊ देऊ का?"

आई माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "हो रे. चांगलंच होईल."

केवढं ओझं उतरलं. इतकी वर्षं उगाच बाबांच्या मागे मागे केलं. खरं शहाणपण आईपाशी आहे, आणि ते दोन शब्दांत असतं.

१८ एप्रिल

मास्तरीण गेली. तिचा कान मोजायचा डबा, हेडफोन, पुठ्ठा, सगळं घेऊन गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. दारात म्हणाली, "आईंना एकदा माझ्याकडे घेऊन ये. फक्त एकदा. तासाभराचं काम आहे."

मी म्हटलं, "आईला झक्कास ऐकू येतंय."

"तू मागे उभं राहून विचारलंस का?"

दरवाजा मीच लावला.

२ जुलै

लिहायला उसंत नव्हती. नऊ शिबिरं झाली. आता पंचवीस माणसं कामाला आहेत, शेजारचा गाळाही घेतला. आणि छाती फुगवून लिहितो, आजवर एकही तक्रार नाही. एक म्हणजे एकही नाही! शिबिरात माणूस व्यासपीठावर येतो, यंत्र बसतं, बाबा विचारतात, "ऐकू येतं का, आजोबा?" आणि आजोबा हात जोडतात. काहींच्या डोळ्यांत पाणी असतं. मास्तरणीला हे दाखवायला हवं होतं.

चौकाचौकात पोस्टर लागलंय. आई आणि तिच्या कानामागचं आपलं यंत्र. खाली लिहिलंय, 'साहेबांच्या घरातही हेच.' आईला गाडीतून फिरवून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला. लाजली असेल.

३० ऑगस्ट

मावशीचा मला फोन. आई तिचा फोन उचलत नाही म्हणे. "मंत्रीणबाई झाली म्हणून बहिणीला विसरली का?" म्हणून रुसलीय. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "बरं आहे सगळं." तिला फोनचा कंटाळा येत असणार, वय झालं. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघते. बातम्यांत बाबांना शिव्या घालतात, त्या कोणाला ऐकायच्या असतात!

आज मात्र गंमत झाली. मी घरात शिरलो तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय, करपल्याचा वास सुटलाय, आणि आई त्याच्याशेजारी शांत भाजी निवडत बसलीय. मी गॅस बंद केला. "लक्ष कुठाय आई?" तेव्हा दचकून वर बघितलं तिने. मी तिला दिवसभर चिडवलं.

ही हसली नाही. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "अहो, तुम्ही आईंना कधी मागून हाक मारून बघितलीत?"

मास्तरणीने हिचेही कान भरलेत. मी ताटावरून उठलो.

२४ डिसेंबर

वर्षातला तरुण उद्योजक म्हणून पुरस्कार मिळाला. तरुण! ही म्हणाली, "केस काळे केले होतेत म्हणून."

पेपरात छापून आलं. त्यात बाबांचं नाव तिसऱ्या ओळीत आहे, पहिल्या ओळीत माझं. माझं नाव पहिल्या ओळीत! कात्रण आईला दाखवलं, मोठ्याने वाचूनही दाखवलं. तिने ते हातात घेऊन कितीतरी वेळ बघितलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं.

यंदा सगळ्यांत चांगलं काय झालं म्हणाल तर पुरस्कार नाही. आई आणि मी इतके कधी बोललो नव्हतो. धंद्यातल्या कटकटी, बाबांवरचा राग, हिच्याशी झालेली भांडणं, लहानपणी मला वसतिगृहात टाकलं त्याचं दुःख, हे सगळं मी तिला सांगून टाकलंय. ती मध्ये तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. नुसती ऐकून घेते. अशी ऐकणारी माणसं राहिली नाहीत आता.

१५ मार्च

नवी डायरी आणली नाही. याच डायरीची पानं अजून शिल्लक आहेत.

मोठी बातमी. सरकारी योजना येतेय. राज्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कानाचं यंत्र. निविदा निघेल, पण सेक्रेटरी म्हणाले, "ती निघण्याआधी तुम्ही कारखान्याचं छप्पर वाढवून घ्या."

आनंद झाला, आणि त्याच वेळी एक शंकाही आली. यंत्र चांगलं आहे म्हणून मिळतंय की बाबांमुळे, हे मला कोण सांगणार? कोणाला विचारलं तरी उत्तर एकच. यंत्र चांगलं आहे, साहेब.

आईला विचारलं. ती हसून म्हणाली, "हो तर."

१० मे

योजनेच्या जाहिरातीसाठी, वापरणाऱ्यांचे अनुभव गोळा करायचे म्हणून एका घरी गेलो. सेक्रेटरींना न सांगता एकटाच गेलो, कळवून जाण्यात काय मजा!

पहिल्या शिबिरातले आजोबा. सुनेने दार उघडलं, ओळखलं आणि तिची तारांबळ उडाली. आजोबा आतल्या खोलीत पलंगावर पाठमोरे. यंत्र कुठे म्हटलं, तर सून काचेच्या कपाटाकडे गेली. बाबांबरोबरचा फोटो चौकटीत, त्याच्यासमोर आमची डबी. यंत्रावर आमच्याच कंपनीचा पातळ कागद अजून तसाच चिकटलेला.

"घालत नाहीत?"

"घालतात की!" सून म्हणाली. "साहेबांच्या ऑफिसातून कोणी येणार असलं की घालतात."

तिने ओरडून, हातवारे करून आजोबांना माझ्याकडे वळवलं. त्यांनी मला बघितलं, लगबगीने दोन्ही हात जोडले आणि मान डोलवायला लागले. मी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं.

फोटो न काढताच परत आलो. एखादं घर असतं असं. जपून ठेवणारी माणसं असतात, नवी चादरसुद्धा वापरत नाहीत.

१२ मे

आजोबांची ती मान डोळ्यांपुढून हलत नाही.

६ ऑक्टोबर

आज घडलं ते घडलं तसं लिहितो.

योजनेच्या जाहिरातीसाठी आईचे नवे फोटो काढायचे होते. फोटोवाला म्हणाला, यंत्रावर पावडर दिसतेय, जरा पुसून घ्या. मी ते काढून घेतलं. सवयीने अंगठ्याने मागचं झाकण उघडलं. हजारो वेळा उघडलंय मी ते. आत बॅटरी नव्हती.

वाटलं, संपली असेल, काढून ठेवली असेल. पण बॅटरी जिथे बसते तिथे ती वापरून वापरून एक डाग पडतो. तो डाग नव्हता. पितळ नव्यासारखं चकचकीत होतं.

फोटोवाल्याला चहाला पाठवलं. आई गॅलरीत जाऊन बाहेर बघत बसली होती, पाठ माझ्याकडे. मी तिच्या मागे उभा राहिलो. दोन हातांवर.

"आई."

झाडाकडे बघत होती.

"आई!"

मग मी ओरडलो. खालच्या मजल्यावरून ही धावत वर आली, इतक्या जोरात. आईने पदर सारखा केला आणि पायावर बसलेला डास हळूच उडवला.

ही दारात उभी होती. ती आत आली. माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला रडू फुटलं. आईच्या मागे उभा राहून मी हमसून हमसून रडलो. तिला कळलंही नाही.

७ ऑक्टोबर

आज तिच्यासमोर बसलो. यंत्र झाकण उघडं ठेवून तिच्या मांडीवर ठेवलं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "शिट्टी वाजायची रे सारखी. डोकं उठायचं. म्हणून बॅटरी काढली."

कधी, असं विचारलं. तिला कळेना. तीनदा विचारलं. शेवटी कागदावर लिहिलं. तिने चष्मा लावला. "कधी म्हणजे? तू बसवलंस ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे दीड वर्ष. दीड वर्ष आई चिडीचूप शांततेत बसून होती आणि मी चौकाचौकात तिचा कान टांगून ठेवला होता.

लिहिलं, 'मग मी विचारायचो तेव्हा हो का म्हणायचीस?'

वाचून हसली. "विचारताना तुझं तोंड कसं व्हायचं माहितीये? शाळेतून निकाल घेऊन यायचास ना, तसं. त्या तोंडाला नाही कशी म्हणू मी?"

'मला सांगायचं ना. दुसरं यंत्र आणलं असतं.'

"आणि लोकांना काय सांगणार होतास? मंत्र्याच्या बायकोने मुलाचं यंत्र टाकून दिलं? ते मोठं पोस्टर लावलं होतंत. तुझं काहीतरी पहिल्यांदा मार्गी लागत होतं रे. माझे कान काय, जायचेच होते."

मी पेन खाली ठेवलं. तीच बोलत राहिली. स्वतःचा आवाज आता तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फार मोठ्याने बोलते, हे माझ्या लक्षात का आलं नव्हतं?

"संध्याकाळी येऊन बसायचास ते मला फार आवडायचं. किती बोलायचास! मला एक शब्द कळायचा नाही. पण बसायचास ना. आधी कुठे बसायचास?"

मास्तरणीला जाऊ देऊ का, हे मी तिला विचारलं होतं. वसतिगृहातल्या रडण्याचं सांगितलं होतं. सगळं तिच्या तोंडाकडे बघत, आणि तिने सगळ्याला हो म्हटलं होतं.

९ ऑक्टोबर

बाबांकडे गेलो. घरी नाही, ऑफिसात. सेक्रेटरींना बाहेर थांबवलं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

म्हटलं, "आईला ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. उद्घाटनापासून."

बाबा सह्या करत होते. म्हणाले, "माहितीये."

"माहितीये?"

"एका घरात राहतो आम्ही."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "काय बोलायचं? चाळीस वर्षं मी बोलतोय आणि ती हो म्हणतेय. तिला ऐकू येत होतं तेव्हा तरी काय वेगळं म्हणायची?"

त्यांना विनोद करायचा होता, असं वाटतं. निम्म्यातच हसू गेलं त्यांचं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, लोक यंत्र घ्यायला येत नाहीत. माझ्या हातून घ्यायला येतात. त्यांचं समाधान होतं, तुझा कारखाना चालतो. कोणाचं वाईट झालं?"

मी म्हटलं, "आईचं."

त्यांनी पुन्हा टोपण काढलं. मी निविदा भरणार नाही, हे सांगायला गेलो होतो. ते सांगितलं. "बरं," म्हणाले, मान वर न करता. दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाले, "तिला त्या तुझ्या मैत्रिणीकडे ने. गाडी पाठवतो."

गाडी नको म्हटलं.

२२ ऑक्टोबर

निविदा दुसऱ्या कुणाच्या जावयाला गेली. त्याचीही यंत्रं मधल्यावरच लावलेली असणार. मी थांबलो म्हणून काही थांबलं नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मला वाटायचं की मी फार मोठं काही केलं.

आता एवढं काम उरणार नाही, हे कारखान्यातल्या माणसांना कोण सांगणार म्हणून दोन दिवस घरात तोंड लपवून बसलो. मग जाऊन सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, अरे, शिव्या तरी द्या! तेव्हा एकीने दिली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

४ नोव्हेंबर

आईला मास्तरणीकडे नेलं. मला वाटलं होतं दारातूनच हाकलेल. तिने आईच्या पायांना हात लावला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि कामाला लागली.

दवाखाना छोटा आहे. आत एक कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम लावलेला. आईला आत बसवलं, कानांचे साचे घेतले, एकेक आवाज ऐकवला. दीड तास कुठे गेला कळलं नाही. मग तिने तिच्याकडचं चांगलं यंत्र आईच्या कानाला लावलं. मागे उभी राहून टाळी वाजवली, आणि आई झटकन वळली! दोन्ही डोळे मोठे झाले तिचे. "वाजलं," म्हणाली. "वाजलं रे!"

मी मास्तरणीचे हात धरले. तिने ते सोडवून घेतले.

"थांब," म्हणाली. "आवाज येईल त्यांना. शब्द येतील का, ते बघू दे. इतके दिवस कान रिकामा राहिला की आवाज कळतो, पण त्यातला शब्द सुटा करायचं मेंदू विसरतो. त्या जुन्या यंत्रावर राहिल्या असत्या तर टिकलं असतं."

ती पुठ्ठा घेऊन मागे उभी राहिली. एकेक शब्द म्हणायची, आईने परत म्हणायचा. पाणी. दार. हात. आई कान टवकारून बसली होती, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. पहिल्या शब्दाला म्हणाली, "काय?" दुसऱ्यालाही "काय?" आणि मग मास्तरणीचा पडलेला चेहरा समोरच्या काचेत दिसला असावा, कारण तिसऱ्याला म्हणाली, "हो."

मास्तरीण हळू आवाजात म्हणाली, "तू बोलून बघ. ओळखीच्या आवाजाचं कधी कधी लवकर उमगतं."

मी पुठ्ठा घेतला. तोंडासमोर धरला.

"घर."

"हो," आई म्हणाली.

"झाड."

"हो."

"चमचा."

"हो."

मास्तरीण कागदावर फुल्या मारत होती. मी यादी संपवली. मग यादीत नसलेलं म्हणालो, "आई, मी आहे."

"हो," आई म्हणाली. त्याच सुरात. चमच्याला म्हणाली होती त्याच सुरात.

माझा पुठ्ठा खाली आला. मी पुढे जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. काही विचारणार नव्हतो, शपथ घेऊन सांगतो, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण तिने माझा चेहरा बघितला, आणि घाईघाईने दोन्ही हातांत धरला.

"येतंय रे," म्हणाली. "सगळं ऐकू येतंय. किती छान यंत्र आहे! तूच केलंस ना?"

मी मान डोलावली.